पाद्रीबाबांना थट्टेकरी हवा

लुकांडेच्या मिशनमध्ये फादर ओटमारना कुणी कधी 'नाही' म्हणालं नव्हतं, आणि तीच त्यांची मोठी अडचण होती. ते स्वित्झर्लंडच्या डोंगरातून आफ्रिकेतल्या आमच्या महेंगेच्या डोंगरात आले तेव्हा डोक्यावर भरघोस पिवळे केस होते. आता टोपी काढली की नुसतं चकाकतं. पण एवढ्या वर्षांत त्यांची एकही सूचना लोकांनी नाकारली नाही. इथे विहीर खणू या का? हो फादर. पोंबेची दारू पिणं सोडाल ना? हो फादर. बायको एकच ठेवाल? हो हो, एकच, फादर. आणि मग ज्याने त्याने घरी जाऊन आपल्याला हवं तेच केलं. पाहुण्याशी वाद घालायचा नसतो, एवढी अक्कल आमच्याकडे शेंबड्या पोरालाही असते. फादर मात्र खूश. लोक आपलं किती ऐकतात, असं ते सुट्टीवर गेले की तिकडे सांगत सुटायचे.

त्यांचा दिवस कसा जायचा म्हणाल, तर सकाळी घंटा आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना. पहिल्या बाकांवर म्हाताऱ्या, अर्ध्या जाग्या, अर्ध्या डुलक्या घेत. मिस्सा आटोपून बाहेर यावं तर अंगणात ही गर्दी. कुणाला तापावर गोळ्या, कुणाला छपराला पत्रे, कुणाला दवाखान्यापर्यंत गाडीत जागा. आजारी माणूस एक, आणि त्याच्यासोबत गाडीत केळीचे घड, दोन शेळ्या आणि वाटेतल्या गावी लग्नाला निघालेली नटूनथटून एक मावशी. फादर लालबुंद व्हायचे, आपल्या जर्मन भाषेत काहीतरी पुटपुटायचे आणि सगळ्यांना बसवून न्यायचे. दुपारी पापांची कबुली ऐकायची. लोक ठरलेली पापं सांगायचे: राग आला, मिस्सा चुकली, थोडी प्यालो. फादरांना तीच बरी पडतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खरी पापं शेजारणीला सांगायला राखून ठेवलेली असायची. मग मोटरसायकलवरून दूरच्या एखाद्या वाडीवर जायचं, चिखलात पडायचं, उठायचं, आणि पोचल्यावर कळायचं की वाडीतले सगळे भात कापायला गेलेत. असे दिवस काढता काढता माणूस म्हातारा झाला. झालाच होता.

एके दिवशी तिकडून फोन आला. त्यांच्या संघाचे प्रमुख, फादर रेतो. वयाने लहान, पण हुद्द्याने मोठे.

"ओटमार, सत्तरी झाली तुझी. आता परत ये. आपल्या म्हाताऱ्या फादरांसाठी नवं घर बांधलंय. तळ्याच्या काठी. लिफ्ट आहे. चार वाजता केक देतात."

"मला केक नको. मी इथेच मरणार."

"असं सगळेच म्हणतात रे. सुगी झाली की मी येतो तिकडे. लोकांशी बोलतो. त्यांना तू खरंच हवा असशील तर बघू. नाहीतर माझ्याबरोबर विमानात बसायचं."

फोन ठेवला आणि फादरांना एकदम मरणाची घाई झाली. म्हणजे मरायची नव्हे, मरणाची तयारी करायची. धर्मशिक्षक अपोलिनारीला घेऊन ते चर्चच्या मागे गेले. हा अपोलिनारी त्यांचा उजवा हात, लग्नं जुळवण्यापासून गाडी ढकलण्यापर्यंत सगळ्यात पुढे. मागच्या बाजूला जुने फादर गालुस पुरलेले. शेजारची जागा फादरांनी केव्हाच मनाशी धरून ठेवली होती.

"मला इथे पुरा."

"हो फादर."

"डोकं डोंगराकडे."

"हो फादर."

"खड्डा कोण खणेल?"

आता अपोलिनारीने मान खाजवली. आभाळाकडे बघितलं. कधी नव्हे ते त्याचं 'हो' घशात अडकलं.

"खड्डा... म्हणजे कसं आहे फादर, तो ज्याचा त्याचा 'म्तानी' खणतो. म्हणजे थट्टेकरी. तुम्हाला कुणी नाही."

थट्टेकरी कोण, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. ज्या कुळाशी आपल्या कुळाची जुनी लढाई झाली आणि मग समेट झाला, ते आपलं थट्टेचं कुळ. त्यातल्या कुणीही तुम्हाला काहीही बोलावं. तुमच्या नाकाबद्दल, बायकोबद्दल, बापाबद्दल. रागवायचं नाही, एवढी एकच अट. आणि तुम्ही मेलात की तेच येणार. तेच खड्डा खणणार. तुमची पॅन्ट घालून तुमच्यासारखं लंगडत चालून दाखवणार. खड्ड्यात उताणे पडून म्हणणार, "झकास खोली आहे, मी नाही उठत, ह्याला दुसरीकडे पुरा." रडणारी माणसं हसायला लागतात, हसता हसता पुन्हा रडतात, आणि मग कुठे मेलेला नीट मेला असं होतं. फादर नवे होते तेव्हा ह्याला सैतानी चाळे म्हणायचे. दोन वर्षं प्रवचनं झोडली. लोक म्हणाले, हो फादर. मग कुठल्याशा शिबिरातून ते शिकून आले की ही तर संस्कृती आहे, जपायला हवी. लोक म्हणाले, हो फादर.

पण फादर गालुसना पुरलं तो दिवस त्यांना आठवत होता. खड्डा मिशनच्या सुतारांनी खणला, रोजावर. लोक रांगेने आले, शिस्तीत रडले आणि जेवायच्या वेळेला घरी गेले. एकाही माणसाच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. परक्याला पुरतात तसं पुरलं गालुसना, आणि आपलंही तसंच होणार. एवढं आयुष्य घातलं इथे, आणि शेवटी रोजावरचे सुतार?

मग त्यांनी गोऱ्या माणसाला सुचेल तेच केलं. चर्चच्या मंडळाची बैठक बोलावली.

बैठकीत अध्यक्ष बेनिटो उठले. हे गृहस्थ झोपेतही ठराव मांडतात. "फादरांना थट्टेकरी मिळावा, असा विषय आहे. माझी सूचना अशी, की इच्छुकांकडून अर्ज मागवावेत. उमेदवार विवाहित असावा. दारू पिणारा नसावा."

"आणि विनोदी असावा," कुणीतरी म्हणालं.

"ते नंतर बघू."

तेवढ्यात मागून आवाज आला. "मेल्यांनो, अर्ज कसले मागवताय? नातं काय आठवडी बाजारात मिळतं?"

तेओपिस्टा आजी. लिकांगा कुळातली. फादरांच्याच वयाची, पोंबे गाळणारी, आणि तरी रोज मिस्साला पहिल्या बाकावर. पोंबेवर फादरांनी जेवढी प्रवचनं दिली ती सगळी तिने समोर बसून ऐकली, आणि प्रवचनाने घसा सुकलेल्या लोकांना बाहेर येऊन पोंबे विकली. ती अंगाभोवतीचा कांगा सावरत पुढे आली आणि कमरेवर हात ठेवून फादरांसमोर उभी राहिली.

"माझ्या बापाच्या बापाला महेंगेच्या गढीवर गोळी घातली, ती कुणी?"

"आजी, ते तेव्हा इथे राज्य करणारे जर्मन होते," फादर म्हणाले. "मी स्विस आहे."

"टोपी तीच ना?"

"टोपी... हो, साधारण तशीच."

"चिडलास की पुटपुटतोस, ती भाषा?"

"भाषा तीच, पण..."

"झालं तर मग! लढाई झाली, माणसं मेली, आणि तू इतकी वर्षं इथला भात गिळतोयस म्हणजे समेटही झाला. आता तू माझा. ए ओटमाऱ्या, काढ ती टोपी! कलिंगड कुठवर पिकलंय बघू दे."

मग असा हशा उठला की बेनिटोंची खुर्ची हलली. फादरांनी टोपी काढली. इतक्या वर्षांत त्यांनी आपल्या लोकांच्या अक्कलदाढा पहिल्यांदा बघितल्या.

त्यानंतरचे दिवस! फादर नुसते हवेत होते. ज्याला त्याला सांगायचे, मला थट्टेकरी आहे बरं का. तेओपिस्टा काही सोडायची नाही. प्रवचन झालं की दारातच गाठायची. "आज लवकर आटोपलंस रे. माझी एकच झोप झाली." गाडी चिखलात रुतली की म्हणायची, "देवाने वाटणी बरोबर केली बघ. तुला गाडी दिली, आम्हाला ढकलायला हात दिले." लोक खोखो हसायचे, फादरही हसायचे, आणि हसताना इकडेतिकडे बघून घ्यायचे की आपण हसतोय ते सगळ्यांना दिसतंय ना.

थट्टेला उलट थट्टाही करायची असते. तिथे फादरांची पंचाईत व्हायची. ते आरशासमोर तयारी करून यायचे. "आजी, तुझी पोंबे इतकी पातळ आहे, की पाण्याला... म्हणजे नदीच्या पाण्याला लाज वाटेल, कारण पाणी खरं तर..." आणि मग समजावून सांगायचे. लोक आदराने हसायचे.

"अरे, थट्टा करतोयस की बाळंत होतोयस?" तेओपिस्टा म्हणायची. "राहू दे. तू मिस्साच म्हण. तिथे कुणी ऐकत नाही."

एकदा मात्र तिने वर्मावर बोट ठेवलं. फादर विहिरीपाशी उभे होते. ती विहीर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तिकडून वर्गणी आणून खणलेली, वर सिमेंटचा क्रूस. पाणी मात्र गंजकं. चहा केला की काळा पडायचा.

"काय बघतोस? पाणी गोड झालंय का ते?" तेओपिस्टाने विचारलं. "इथे पाणी गंजकं लागणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं."

"मग खणायच्या आधी बोलला का नाहीत?"

"बोलायचं कसं? तू इतका खूश होतास."

फादर हसले. पण ते हसू ओठांवरच राहिलं. घरी जाऊन त्यांनी अपोलिनारीला दोनदा विचारलं, आजीने हे नुसतं थट्टेत म्हटलं ना? अपोलिनारी म्हणाला, हो फादर.

सुगीच्या तोंडाला फादरांची बहीण वेरेना वारली. भाचीचा फोन आला. वेरेना त्यांच्यापेक्षा मोठी. आई लवकर गेल्यावर हिनेच त्यांना वाढवलेलं, त्यांचा पहिला झगा हिनेच शिवलेला. फादर फोन हातात धरून ओट्यावर बसले ते बसलेच. बातमी पसरली. संध्याकाळपर्यंत अख्खं गाव मिशनच्या अंगणात. चटया आल्या, तांदूळ आला, एक बकरा आला. बायका हलक्या आवाजात गात बसल्या, पुरुष नुसते बसले. कुणी मोठं बोललं नाही, कुणी गोळ्या मागितल्या नाहीत, पत्र्यांचं नाव काढलं नाही. फादरांना भरून आलं. ही माझी माणसं, ते मनात म्हणाले. आणि खरं सांगायचं, तर त्या दोन दिवसांत तसं झालंच होतं. आमचं गाव एखाद्यासाठी उगाच चटया उचलत नाही.

मग दुखवटा उठवायचा दिवस आला. भात शिजला, बकरा शिजला, आणि लोक वाट बघत बसले. फादरांना वाटलं, प्रार्थनेची वाट बघतायत. ते पुस्तक उघडणार तेवढ्यात घराच्या कोपऱ्यावरून तेओपिस्टा आली.

अंगात फादरांचा दोरीवर वाळत घातलेला झगा. डोक्यावर त्यांची टोपी. डोळ्यांवर तारेचा चष्मा. बदकासारखी चालत आली, दर पावलाला कुणाला तरी आशीर्वाद देत, मध्येच रुतलेल्या गाडीला जर्मनमध्ये शिव्या घालत. जर्मन कसली, नुसती घशातली खरखर, पण हुबेहूब. अंगण फुटलं हसून. आत्ताच रडत होत्या त्या बायका एकमेकींच्या मांडीवर कोसळल्या. फादरांच्याही ओठाचा कोपरा हलला.

मग तिने टोपी काढली, केरसुणी उलटी करून डोक्यावर केसांसारखी धरली, आणि आवाज बारीक केला.

"मी वेरेना. ओटमारची बहीण. हा लहानपणी इतका खायचा, इतका खायचा, की म्हटलं, जा बाबा आफ्रिकेत. तिथून दोनदाच आला. दोन्ही वेळा मला वाटलं, भाऊ भेटायला आला. मी केक केला. तो केक खाल्ला आणि म्हणाला, वेरेना, विहिरीसाठी काही देतेस का? आता मी मेले. म्हटलं, आता तरी येईल. आला का? नाही आला. त्याला मिस्सा आहे! समोरच्या म्हाताऱ्या झोपल्यात, त्यांना उठवायचं नाही, हे मोठं काम आहे त्याला!"

हशा उठला आणि सगळ्यांच्या नजरा फादरांकडे वळल्या. आता त्यांची पाळी. त्यांनी हसायचं, नाहीतर हमसून रडायचं, नाहीतर केरसुणी हिसकावून तिच्या पाठीत घालायची. काहीही चाललं असतं. मग ताटं वाढली असती, दुखवटा उठला असता, आणि फादर ओटमार लुकांडेत कायमचे मुरले असते. एवढंच बाकी होतं.

फादर उठले. चेहरा पांढराफटक.

"निघ!" ते ओरडले. "दारुडी म्हातारी! लाज नाही वाटत? तुझ्या घाणेरड्या तोंडाने माझ्या बहिणीचं नाव घेतेस? निघ माझ्या घरातून!"

असा राग आमच्या गावात कुणी थट्टेकऱ्यावर कधी काढला नव्हता. तेओपिस्टाने केरसुणी खाली ठेवली. झगा काढला, नीट घडी घातली, ओट्यावर ठेवला, त्यावर टोपी ठेवली.

"माफ करा फादर," ती म्हणाली. "माझं चुकलं."

आणि गेली. तिच्यामागे एकेक करून सगळे उठले, चटया गुंडाळल्या. बकरा तसाच राहिला. एवढा शिजवलेला बकरा सोडून आमचे लोक उठले म्हणजे काय झालं असेल ते समजा.

मागे राहिला अपोलिनारी. त्याने जन्मात पहिल्यांदा फादरांना सुनावलं. "फादर, आत्ताच्या आत्ता जा. लिकांगांच्या अंगणात जाऊन उभे राहा. ती शिव्या घालेल, घालू द्या. हसा. मिटून जाईल. उद्यावर ढकललंत तर गेलं."

"मी जाऊ? मी? माझी बहीण मेली आणि मी जाऊ? शिवाय माफी तिने मागितलीय. तिला कळलंय तिचं चुकलं."

"तेच तर वाईट झालं फादर," अपोलिनारी म्हणाला. पण एवढ्यात त्याचं धैर्य संपलं होतं.

रविवारी तर फादरांनी कळसच केला. प्रवचनाला उभे राहिले. क्षमेवर बोलले. छान बोलले. आणि शेवटी म्हणाले, "मी सगळ्यांसमोर सांगतो. तेओपिस्टा आजीला मी माफ केलं आहे. अगदी मनापासून." स्वतःच्या मोठेपणाने त्यांचे डोळे पाणावले. तेओपिस्टा पहिल्या बाकावर हात जोडून बसली होती. मिस्सानंतर ती दारात आली, गुडघा किंचित वाकवून म्हणाली, "उपकार झाले फादर. प्रवचन फार सुंदर झालं."

फादर खूश होऊन न्याहारीला गेले. अख्खा आठवडा खूश होते. मग हळूहळू त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. गाडी चिखलात रुतली, लोकांनी मुकाट्याने ढकलली. टोपी वाऱ्याने उडाली, कुणीतरी धावत जाऊन आणून दिली, झटकून. तेओपिस्टा भेटली की बाजूला होऊन वाट द्यायची. प्रवचनात तर ती आता जागी राहायला लागली होती. तिचे ते टक्क उघडे डोळे बघितले की फादर पुढचं वाक्य विसरायचे.

सुगी झाली आणि फादर रेतो आले. गोरेपान, हातात सारखी ती हात धुवायची बाटली. सगळं गाव चर्चमध्ये जमलं. गाणी झाली, नाच झाला, फादर रेतोंना एक कोंबडा मिळाला आणि तो त्यांच्या मांडीवरच घाण करून गेला. मग ते म्हणाले, "मला मोकळेपणाने सांगा. फादर ओटमार कसे आहेत? इथे राहायला हवेत का?" आणि हे लोकांपर्यंत पोचवायचं, लोकांचं उलट त्यांना सांगायचं, ते काम ओटमारचंच. दुसऱ्या कुणाला जर्मन येणार?

बेनिटो उठले. "फादर म्हणजे आमचे आईबाप."

अपोलिनारी उठला. "फादरांनी कधी कुणाला दुखवलं नाही."

एक बाई उठली. "फादरांच्या विहिरीचं पाणी म्हणजे अमृत."

फादर ओटमार एकेक वाक्य जर्मनमध्ये सांगत होते आणि त्यांचे कान तापत होते. इतकी वर्षं हेच ऐकून ते फुगले होते. आता त्यांना एकेक गोड शब्द कळत होता. आमच्याकडे जाणाऱ्या पाहुण्याला असंच बोलतात. शेवटी त्यांना राहवेना. पहिल्या बाकाकडे वळून ते म्हणाले, "आजी, तू बोल. अगदी काय वाटेल ते बोल. मी जसंच्या तसं सांगतो." हात जोडायचे तेवढे बाकी होते.

तेओपिस्टा उठली. कांगा नीट केला. फादर वाट बघत होते. म्हण ओटमाऱ्या. म्हण, घेऊन जा ह्या कलिंगडाला. एक शिवी दे गं.

"फादर ओटमार थोर आहेत," तेओपिस्टा म्हणाली. "आम्ही अडाणी माणसं, आम्ही काय बोलणार? राहिले तर आनंदच आहे. गेले तर देव त्यांचा प्रवास सुखाचा करो."

"आणखी?" फादर म्हणाले.

"आणखी काय फादर? तुमच्यात दोष तरी कुठे आहे?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. फादरांनी हेही जर्मनमध्ये सांगितलं. सांगताना आवाज फाटला. फादर रेतोंना वाटलं, आनंदाने. त्यांनी रुमाल काढला.

"ओटमार, मी एवढी मिशनं फिरलो, पण एकही तक्रार नाही असं कुठेच बघितलं नाही. तुला इथून हलवलं तर पाप लागेल मला. राहा तू. शेवटपर्यंत राहा. तू ह्यांच्यातलाच झालायस."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांगल्या जोरात वाजवल्या.

फादर रेतोंची गाडी वळणाआड गेली तशी फादर ओटमारनी मिशनमधली सगळ्यात जाड कोंबडी पकडली, पाय बांधले आणि पायी लिकांगांच्या वस्तीवर निघाले. वाटेत मनाशी घोकत होते. अंगणात पोचल्यावर त्यांनी आपणहून टोपी काढली आणि ओरडले, "ए थेरडे! बाहेर ये! बघ, कलिंगड आलंय तुझ्या दारात!"

अंगणातल्या सुनांनी माना खाली घातल्या. कुणी हसलं नाही. तेओपिस्टा हात पुसत बाहेर आली.

"या या, फादर! अगं, खुर्ची आणा. ती नको, हातांची आणा." तिने आपल्या पदराने खुर्ची पुसली. "बसा. आणि हे काय, कोंबडी कशाला आणलीत? पाहुण्याने हात हलवत यावं."

"आजी, चुकलो मी. त्या दिवशी हसायला हवं होतं. तू खरं तेच बोललीस. मी खरंच दोनदाच गेलो गं तिच्याकडे. मला शिव्या घाल. पोट भरेपर्यंत घाल."

"छे छे, फादर! असं कसं बोलता? तुम्ही मला माफ केलंत ना? सगळ्यांसमोर, चर्चमध्ये? मग आता राहिलंच काय?"

फादर लहान आवाजात म्हणाले, "माझा खड्डा कोण खणेल मग?"

"त्याची नका काळजी करू," तेओपिस्टा फार मायेने म्हणाली. "मंडळ ठराव करेल. चांगले मजूर लावतील, दाम देऊन. मी फुलं घेऊन येईन ना."

आणि कोंबडी आत गेली. फादर हातांच्या खुर्चीत एकटे बसून राहिले. बाकीची माणसं चटईवर, जरा लांब. जेवण आलं तेव्हा मक्याच्या पिठाच्या उगालीच्या वर कोंबडीची कलेजी आणि पेटा वेगळा मांडला होता, मानाच्या पाहुण्याला देतात तसा. तेओपिस्टाने स्वतः त्यांच्या हातावर पाणी घातलं, आणि ते खाऊ लागेपर्यंत घरातलं कुणीही घासाला हात लावला नाही.

"मीठ बरोबर आहे ना, फादर?"

"छान झालंय," फादर म्हणाले.

"मग सावकाश होऊ द्या," तेओपिस्टा म्हणाली, आणि चटईवर आपल्या माणसांत जाऊन बसली.